हवेची शेजपाळी

हवा विकायला काढता येते हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. श्वासाची हवा नव्हे, तिच्यावर अजून कुणाची नजर गेलेली नाही. फोनचं बोलणं जिच्यातून जातं ती. सरकार तिचे पट्टे पाडतं, माळाचे पाडावेत तसे, आणि लिलावात कंपन्यांना देतं. एकेक पट्टा सगळ्या जिल्ह्यांसाठी एकदम, वीस वर्षांच्या बोलीनं. त्यात कोल्हापूर आलं, नाशिक आलं, आणि कुणी न विचारता आमचं चिंचदराही आलं.

चिंचदरा माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. तीन बाजूंना टेकड्या, मधल्या खोलग्यात गाव, आणि गावाबाहेर रानारानांत विखुरलेल्या वस्त्या. मी दीपमाला, इथली सून. माहेर सांगलीकडं, कृष्णाकाठी. माझ्या माहेरी एका गावात चार टॉवर आहेत. तिथं माझी चुलती उसाच्या फडात उभी राहून दुबईतल्या नातवाचं तोंड बघते आणि वर चित्र अडकतंय म्हणून कुरकुरते. कारण उघड आहे. ऊस आहे तिथं गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे तिथं कंपनी स्वतःहून खड्डा खणायला येते. आमच्याकडं ज्वारी, मटकी आणि अलीकडं थोडी डाळिंबं. कालव्याचं पाणी आलं, डांबरी रस्ता आला, फोन तेवढा आला नाही.

फोन लावायचा तर बिरोबाच्या टेकाडावर जायचं. रेशनच्या अंगठ्याचं मशिनही तिथंच न्यायचं, कारण त्याला नेट लागतं. दर महिन्याला गव्हासाठी अख्खं गाव टेकाड चढायचं. माझ्या सासूबाई, बनुबाई, गुडघ्यावर हात देत, वाटेत बसत-उठत वर जायच्या आणि अंगठा टेकवताना म्हणायच्या, "नवस फेडाय आल्यागत वाटतंय बया." सगळे हसायचे. मीही हसायची. मला राग यायला वेळ लागतो, पण आला की तो मुक्कामालाच येतो.

तो आला जोतीरामच्या हातामुळं.

जोतीराम माझा धाकटा दीर. गावच्या पाणीवापर संस्थेचा पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते बघणारा. संस्थेची अध्यक्ष मी. माझा नवरा सैन्यात, तो सुट्टीपुरता घरी, त्यामुळं घरचं आणि गावचं आम्ही दीर-भावजयच बघतो. त्या दिवशी लांबच्या रानात ज्वारीची मळणी चालली होती. कणसं आत सारताना जोतीरामचा उजवा हात यंत्रात गेला. मी यंत्र बंद केलं, साडीची चिंधी फाडून हात आवळून बांधला, त्याला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि टेकाडाकडं पळत सुटले. फोन माझ्या मुठीत होता. नवा, चार्ज केलेला, आणि माथा येईपर्यंत त्याचा दगडाएवढाही उपयोग नव्हता.

रुग्णवाहिका आली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मनगटाच्या वरून हात काढला. थोडं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं, असं म्हणाले. थोडं म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. ते म्हणजे एक टेकाड.

मी आर्जवला बोलावलं. आर्जव माझ्या माहेरच्या शेजारचा, जैन व्यापाऱ्याचं पोरगं. सांगलीत घरोघरी इंटरनेट देण्याचा त्याचा धंदा आहे. हिशेबाला पक्का, मनाला मऊ. शेजारच्या गावापर्यंत जमिनीतून तार आलेली होती. तिथून त्यानं थाळीसारख्या दोन अँटेना समोरासमोर लावून नेट आमच्या देवळापर्यंत आणलं. हे सगळं कायद्यात बसणारं होतं, कारण काही पट्टे सरकारनं गायरानासारखे सगळ्यांना मोकळे ठेवले आहेत. रेशनचं मशिन देवळात आलं. सासूबाईंचं टेकाड सुटलं.

पण मोकळ्या पट्ट्याची धाव फार नाही. झाड आडवं आलं, भिंत आली, उंचवटा आला की तो तिथंच थांबतो. देवळाच्या पारावर पोरं मान खाली घालून बसायला लागली आणि वस्त्या होत्या तशाच मुक्या राहिल्या. जोतीरामचा हात रानात गेला होता, देवळात नाही.

"लांब जाणारा पट्टा येगळा असतोय, ताई," आर्जव म्हणाला. "त्यो झाडाझुडपातनं जातोय, टेकडीला वळसा घालून पलीकडं उतरतोय. टेकाडावर एक खांब रोवला तर तुमचं सगळं खोरं बोलंल. पर त्यो विकलेला हाय. हितं कोण वापरत न्हाई, तरीबी विकलेला हाय."

"वापरत नाहीत तर आपण वापरू."

"गुन्हा हाय त्यो. खांबावरचा डबा जप्त हुतोय, केस हुतीय."

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वापरत न्हाईत तर धरून कशापायी बसल्यात?"

आर्जवनं त्यांना नीट समजावलं. "आज्जी, शहराकडं जागा घिऊन ठेवत्यात न्हवं, पुढंमागं भाव यील म्हणून, तसं हाय बघा. आन तुमाला स्वस्तात दिलं तर शेजारची गावंबी मागणार. मग पट्ट्याचा भावच पडतोय. त्यापरास पडून ऱ्हायलेला बरा."

"पडीक जागंवर गवत तरी येतंय," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा शेंगांना लागल्या.

मी त्यावर बरेच दिवस विचार करत राहिले. सासूबाईंचं बरोबर होतं, पण अर्धंच. जागा पडून राहिली तर ती उद्याही असते. पण आज या खोऱ्यात न बोललेलं बोलणं उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. आजचा दिवस गेला की आजचा पट्टाही वाहून गेला. मग ही हवा जमिनीसारखी कुठं आहे? ती पाण्यासारखी आहे. आणि जमिनीच्या कज्ज्यात आम्ही कच्चे असलो तरी पाण्याच्या वाटपात चिंचदऱ्याला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडं शेजपाळी आहे. चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, शेपटाकडच्या रानापासून सुरुवात करायची आणि शेजारून शेजारी पाणी वर सरकवत न्यायचं. ज्याची पाण्याची पाळी, त्यानं बांधावर हजर राहायचं. नसला तर पाटकरी साक्षीदार घेऊन त्याच्या नावानं तीन हाका मारतो. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही तर पाणी पुढच्या रानाला. त्याचा हक्क जात नाही, तो आला की त्याचा त्याला मिळतो. पण तो येईपर्यंत पाणी ओढ्याला सोडायचं नाही. याला दुसरी बाजूही आहे. एकदा पाळी घेऊन दारं मोडलं, म्हणजे रानात पाणी वळवलं, की रान भिजेपर्यंत बांधावरून हलायचं नाही. पाणी चालू ठेवून घरी जाणाऱ्याला आम्ही संस्थेच्या बैठकीत सगळ्यांपुढं उभं करतो. सुट्टीवर आलेल्या माझ्या नवऱ्याला एकदा मीच उभं केलं होतं. तो अजून त्यावरून टोमणे मारतो.

मी संस्थेची बैठक बोलावली आणि म्हणाले, कंपनीची पाळी आहे आणि कंपनी बांधावर नाही, तेव्हा तिला रीतसर तीन हाका मारायच्या. कुणी हसलं नाही. जोतीराम भिंतीला टेकून बसला होता, बाहीचं टोक आत खोचून. तो म्हणाला, "साक्षीदार कोण कोण येतंय, तेवडं सांगा."

पहिली हाक साताऱ्यात मारली. तिथल्या कंपनीच्या काचा लावलेल्या दुकानातल्या मुलीनं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि नवीन सिमकार्डावर सवलत चालू असल्याचं सांगितलं. दुसरी हाक सांगलीतल्या मोठ्या ऑफिसात. तिथं वीरधवल म्हणून साहेब होते, तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला चांगले. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि चिंचदऱ्यात टॉवर परवडत नाही असं सांगितलं.

"मग आमच्या खोऱ्यापुरता पट्टा आम्हाला भाड्यानं द्या," मी म्हणाले.

"आमच्या धोरणात ते बसत नाही, मॅडम."

"पण विकत घेताना सगळीकडं सेवा द्यायची अट असेल ना?"

"ठरावीक भागात सेवा द्यायची अट असते. तेवढ्या भागात आम्ही देतोय."

"आम्ही नसलो तरी अट पुरी होते?"

त्यांनी कपातली साखर ढवळली. "हो. होते."

खोटं बोलले नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावरचा राग थोडा कमी झाला. अटीवरचा वाढला.

तिसरी हाक पुण्यात. पट्टे पुढं कसे वाटावेत यावर लोकांची मतं ऐकायला सरकारनं सभा भरवली होती. वातानुकूलित हॉल, मऊ खुर्च्या. व्यासपीठावरचे लोक इतक्या मोठ्या रकमा बोलत होते की सासूबाईंना डुलकी लागली. आमची पाळी आली तेव्हा जोतीराम उभा राहिला. समोर माईक धरलेला असताना त्यानं तो वापरला नाही. बांधावरून मारतात तशी, पोटातून हाक मारली. "चिंचदऱ्याच्या पट्ट्याचा मालक हाय का रं हितंऽऽ?"

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. वीरधवलसाहेब तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी मान खाली घातली. ओ कुणी दिली नाही. सभेच्या अध्यक्षांनी आमचे आभार मानले आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आम्ही गावी आलो आणि टेकाडावर खांब रोवला. आर्जवनं सांगलीहून डबा आणला, दिवाळीच्या फराळाच्या डब्याएवढा, आणि गावाची स्वतःची सिमकार्डं आणली. तो घामाघूम झाला होता. सारखा म्हणत होता, ताई, माझं नाव कुठं घेऊ नका. जोतीरामनं डाव्या हातानं बटण दाबलं. पहिला फोन सासूबाईंनी केला, घरातून लांबच्या रानात, आणि एवढ्या खटाटोपानंतर त्या म्हणाल्या, "भाकरी झालीया, या." रानातल्या बायकांनी तो निरोप पुन्हा पुन्हा सांगून हसून घेतलं. मला हसता आलं नाही. मी त्याच रानात उभी होते, जिथून पळाले होते, आणि फोन माझ्या मुठीत वाजत होता.

तो डबा सुगीभर चालला, पुढच्या पेरणीतही चालला. मल्हार मेंढक्याला माळावर नाग चावला, तेव्हा त्यानं जाग्यावर बसून फोन केला आणि तो आज मेंढरं राखतो आहे. एवढं एकच सांगते.

मग नोटीस आली. तुमच्या बेकायदा यंत्रणेमुळं आमच्या या भागातल्या सेवेत व्यत्यय येतो, अशी कंपनीनं तक्रार केली होती. सेवा हा शब्द वाचून मी नोटीस सासूबाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी ती चुलीकडं नेली. ती परत काढून आणावी लागली.

वायरलेस खात्याचे साहेब आले ते वीरधवलसाहेबांच्या पाठोपाठ, दुसऱ्या जीपमधून. अण्णाप्पा चौगुले, मिरजेकडचे, केस पिकलेले, पायात चपला. त्यांनी मीटर काढलं, अँटेना जोडली आणि टेकाडाला फेरी मारली. मग दगडावर बसून पाणी मागितलं.

"वैनी, उद्या प्रत्येक गावानं असा डबा लावला तर कुणाचंच कुणाला ऐकू येणार नाही. पोलीस आहेत, विमानं आहेत. परवाना उगाच नसतो."

"मान्य आहे. म्हणून तर आमच्याकडं पाटकरी आहे. आम्ही वाटप नको म्हणत नाही. घेऊन न वापरणं नको म्हणतो."

चौगुलेसाहेब वीरधवलसाहेबांकडं वळले. "व्यत्यय म्हणजे एका आवाजात दुसरा मिसळणं. मला तर एकच ऐकू येतोय, यांचा. तुमचा कुठाय?"

"इथं आमचा सिग्नल जरा अशक्त आहे."

"अशक्त नाही. टेकाडावर फोन लागतो तो दुसरा पट्टा, या पट्ट्यावर तुमचा नाहीच आहे. व्यत्यय मोजायचा तर दोन्ही पाहिजेत."

वीरधवलसाहेब लालबुंद झाले. "मी ट्रक आणतो," ते म्हणाले. "मग मोजा."

कंपनीकडं चाकावरचा टॉवर असतो. म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गर्दी लोटते, तेव्हा तो तिथं येतो आणि यात्रा पांगली की निघून जातो. आम्ही तो दरसाल बघतो, म्हणून आमच्या देवळापुढं तो येऊन थांबला तेव्हा पोरांना वाटलं यात्राच आली. ड्रायव्हरनं शिडीसारखा खांब वर सरकवला. थोड्या वेळात गावातल्या सगळ्या फोनवर कंपनीच्या सिग्नलच्या दांड्या उभ्या राहिल्या. भरघोस. चार टॉवरच्या माझ्या माहेरीही इतक्या दिसत नाहीत.

जोतीराम टेकाडावर गेला आणि आमचा डबा बंद करून खाली आला.

चौगुलेसाहेब मीटर घेऊन फिरले आणि म्हणाले, "व्यत्यय शून्य."

"असं कसं?" वीरधवलसाहेब म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "तुम्ही तुमचं बंद का केलंत?"

"तुमी आलासा न्हवं," जोतीराम म्हणाला. "पाळी तुमची. आता तुमचं पानी."

"अहो, पण तुमचं चालू असल्याशिवाय व्यत्यय मोजणार कसा? चालू करा."

"न्हाई."

"मी स्वतः सांगतोय, चालू करा."

"सायेब, दुसऱ्याच्या पाळीत आमी दारं मोडत न्हाई. आजवर मोडलं न्हाई. तुमाला दाखवायपुरतं तर मुळीच न्हाई."

पारावर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चौगुलेसाहेबांनी मीटरच्या काचेवरची धूळ पुसायला घेतली, आणि बराच वेळ पुसली.

मग त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला. "तक्रारीत लिहिलंय, या भागात तुमची सेवा चालू आहे. आज मोजली तर खरंच चालू आहे. तसं लिहू?"

"लिहा," वीरधवलसाहेब म्हणाले. "उत्तम सेवा चालू आहे असं लिहा." आणि त्यांनी लांबलचक सही केली.

"आता दुसरं," चौगुलेसाहेब माझ्याकडं न बघता म्हणाले. "यांच्याकडं परवाना नाही. व्यत्यय असो नसो, डबा मला न्यावा लागणार. केसही होणार. डबा कुणी लावला?"

आर्जवचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला. "मी लावला," मी म्हणाले. "नाव लिहा. दीपमाला. अध्यक्ष, पाणीवापर संस्था, चिंचदरा."

"आन माजंबी लिवा," जोतीराम म्हणाला. "बटन म्याच दाबलंय."

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. केसची भीती नव्हती. डबा गेला आणि ट्रक गेला की संध्याकाळी हे खोरं पुन्हा मुकं होणार होतं, आणि मळणीचे दिवस तोंडावर आले होते. वाटेत येणारं ते टेकाड मला पायाखाली जाणवायला लागलं. जोतीराम वर गेला, डबा त्यानं स्वतः सोडवला, दातांनी वायर धरून डाव्या हातानं, आणि पोटाशी धरून खाली आणला. कुणी मदतीला गेलं नाही. त्यानं जाऊ दिलं नसतं.

चौगुलेसाहेबांनी डबा घेतला, पावती दिली. वीरधवलसाहेबांनी ड्रायव्हरला हात केला. "चल, खांब उतरव. दुपारच्या आत निघू."

मी जाऊन ट्रकच्या पुढं उभी राहिले.

"मॅडम, बाजूला व्हा."

"पाळी घेतली तुम्ही. दारं मोडलं. आता रान भिजेपर्यंत जाता येत नाही."

"ही काय भाषा आहे? ट्रक तात्पुरता आहे. मोजणीसाठी आणलाय."

"तुमच्या सहीत मोजणी लिहिलेलं नाही. सेवा लिहिलंय."

पारावरच्या बायका उठल्या आणि एकेक करून माझ्या शेजारी येऊन बसल्या. सासूबाईंनी पोतं आणलं होतं, ते त्यांनी चाकापुढं अंथरलं आणि शेंगांची पाटी जवळ घेतली. गडीमाणसं मागं उभी राहिली. कुणी घोषणा दिली नाही, कुणी ट्रकला हात लावला नाही. जोतीराम पुढं आला आणि त्यानं वीरधवलसाहेबांपासून चार हातांवरून, पुण्याच्या हॉलमध्ये मारली होती तशीच हाक मारली. "चिंचदऱ्याच्या पट्ट्याचा मालक हाय का रं हितंऽऽ?"

वीरधवलसाहेब चौगुल्यांकडं वळले. "सर, हे तुमच्यासमोर चाललंय. रस्ता मोकळा करायला सांगा यांना."

चौगुलेसाहेब जीपच्या दाराशी उभे होते, डबा बगलेत. "रस्ता माझ्या खात्यात येत नाही," ते म्हणाले. "माझ्या खात्यात हवा येते. यांचा डबा विनापरवाना, तो मी नेतोय, त्यात काही मागंपुढं नाही. पण तक्रार तुमची आहे. इथं उत्तम सेवा चालू आहे, अशी तुमची सही माझ्याकडं आहे. ट्रक गेला की ती सही खोटी झाली. खोट्या तक्रारीचा अहवालही मलाच लिहावा लागतो, आणि तुमच्याकडच्या पट्ट्याचं तुम्ही काय करता हा प्रश्न त्यात येणारच. तेव्हा सेवा चालू आहे की नाही, तेवढं मला आत्ता सांगा."

जोतीरामनं दुसरी हाक मारली.

वीरधवलसाहेबांनी फोन काढला आणि सांगलीला लावला. कंपनीच्याच दांड्यांवरून, आमच्या देवळापुढून, खणखणीत लागला. ते बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. आधी हात हलवत, मग नुसते ऐकत. बायकांनी शेंगा फोडल्या. परत आले तेव्हा त्यांचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

जोतीरामनं तिसऱ्या हाकेसाठी छाती भरून घेतली.

"आहे," वीरधवलसाहेब म्हणाले. "चालू आहे. ट्रक राहील."

"मोठ्यानं सांगा," सासूबाई म्हणाल्या. "माज्या कानाला आयकू येत न्हाई."

"राहील, आजी. ट्रक राहील."

चौगुलेसाहेब जीपमध्ये बसले. काच खाली करून मला म्हणाले, "आमच्यात दोनच हाका मारत्यात, वैनी. तिसरीची वाट बघत न्हाई." आणि आमचा डबा मांडीवर घेऊन निघून गेले.

माझी आणि जोतीरामची केस चालू आहे. तारखेला आम्ही एसटीनं जातो, वकिलाला डाळिंबं देतो. न्यायाधीशांनी विचारलं तर मी जे इथं सांगितलं तेच सांगणार आहे. वीस वर्षं राखून ठेवायला ही हवा म्हणजे कुणाच्या पेटीतला दागिना नव्हे. शिक्षा झाली तर जाईन. पण चूक झाली असं माझ्या तोंडून कुणाला ऐकायला मिळणार नाही.

ट्रक देवळापुढंच उभा आहे. म्हसवडची यात्रा येऊन गेली, तिकडं दुसरा पाठवला म्हणे. ड्रायव्हर बिराप्पा जतकडचा आहे, सासूबाईंच्या हातचं जेवतो आणि कानडीत गाणी म्हणत डिझेल भरतो. कंपनी पक्का टॉवर बांधेल की ट्रक एखाद्या दिवशी गुपचूप नेईल, हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून जोतीराम रोज सकाळी चारीवर जाताना देवळापुढं थांबतो आणि हाक मारतो. "मालक हाय का रंऽऽ?" बिराप्पा केबिनमधून ओ देतो, "हाय." मग जोतीराम पाण्याला जातो.

दुसरा डबा आमच्या ज्वारीच्या कणगीत आहे. आर्जवनं न मागता पाठवला, नाव न घालता.

परवा सकाळी मी अंगणात होते. जोतीरामची हाक ऐकू आली आणि ओ आली नाही. त्यानं दुसरी हाक मारली. तरी ओ नाही. माझ्या हातातला झाडू खाली पडला. मी आत गेले, कणगीत कोपरापर्यंत हात घातला, डबा वर ओढला, ज्वारी अंगभर सांडली. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वायर घितलीस का?" मी डबा पोटाशी धरून बाहेर पळाले, टेकाडाची वाट धरली. पायांना ती वाट पाठ आहे. पण या वेळी मी मदत मागायला पळत नव्हते.

मागून बिराप्पाचा आवाज आला. "हाय, हाय! दात घासाय गेलतो की वो!"

मी वाटेवरच थांबले. खाली देवळापुढं जोतीराम तिसऱ्या हाकेसाठी भरलेली छाती तशीच धरून उभा होता. त्यानं वर माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं, आणि श्वास सोडला.

"ठेवा वैनी परत," तो म्हणाला. "पर लय खाली पुरू नगा."